आधी पाण्याला वाट, मग घराला भिंत



परवा मी चौथीच्या वर्गात विचारलं, "घर बांधायला काय काय लागतं, सांगा बघू!"

भराभर हात वर झाले. "चिरे!" "वाळू!" "सिमेंट!" "कौलं!" मागच्या बाकावरून एक जण ओरडला, "पैसे!" सगळा वर्ग खो खो हसला. खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पाणी लागतं."

"शाब्बास! पण घर बांधताना नको असलेलं पाणी आलं तर त्याचं काय करायचं?"

वर्ग गप्प झाला. खरं सांगू? गेल्या वर्षी हा प्रश्न मला कुणी विचारला असता, तर मीही अशीच गप्प बसले असते. पावसानं मला त्याचं उत्तर शिकवलं. पण त्याची फी मात्र भरली आमच्या शेजारच्या काकूंनी!

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. वर कातळाचा सडा, खाली व्हाळ आणि मधल्या उतारावर घरं. तिथंच आम्ही तीन गुंठे जागा घेतली. आमच्या जागेच्या खालच्या अंगाला चिऱ्यांचा जुना गडगा आहे आणि गडग्यापलीकडे काकूंची भाताची खाचरं.

काम सुरू व्हायला उशीर झाला. मे महिना अर्धा सरला तेव्हा कुठं पायाचे चर खणून झाले. जागा 'स्वच्छ' दिसावी म्हणून आम्ही सगळं गवत, सगळी झुडपं काढून टाकली. खणलेली माती गडग्याजवळ ढीग करून ठेवली. भरावासाठी आणलेला मुरूमही तिथंच ओतला. "पाऊस यायच्या आत जोतं होईल की!" असं आम्ही म्हणत होतो.

पाऊस काही आमचं ऐकून येत नाही. मृगाच्या दुसऱ्या दिवशी रात्री तो कोसळला. सकाळी छत्री घेऊन आम्ही धावत गेलो. पायाचे चर काठोकाठ भरले होते. एका बाजूची दरड ढासळून चरात बसली होती. मुरमाचा ढीग निम्मा झाला होता. उरलेला निम्मा कुठं गेला?

गडग्याशी काकू उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाई, तुमची माती माझ्या तरव्यात आली."

तरवा म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा. आधी तिथं दाट रोपं वाढवायची आणि मग ती उपटून खाचरात लावायची. काकूंचा तरवा नुकताच हिरवा झाला होता. त्याच्या मोठ्या तुकड्यावर आता दोन बोटं जाडीचा लाल चिखल पसरला होता. इवली इवली रोपं खाली गाडली गेली होती. मी पैसे देऊ केले. काकू म्हणाल्या, "पैशानं तरवा परत उगवतो होय?"

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आम्ही स्वतःचं घर बांधत होतो आणि दुसऱ्याचं ताट ओढत होतो.

थोडं गणित करू या

मी शाळेत गणित शिकवते, पण आमच्या जागेचं गणित मी कधी मांडलंच नव्हतं. तुम्ही मांडा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी किती होतं? बरोबर एक लीटर! आता एक गुंठा म्हणजे साधारण १०० चौरस मीटर, तीन गुंठे म्हणजे ३००. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी झालं ३०,००० लीटर. दहा हजार लीटरचे तीन टँकर! कोकणात असा दिवस पावसाळ्यात येतोच येतो. शिवाय आमच्या जागेवर वरच्या सड्याचंही पाणी उतरतं. ते वेगळंच.

आणि कधी कधी तर हद्दच होते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा आमच्या तीन गुंठ्यांवर पडला तर टँकर किती होतील? करा गणित!

माती का वाहते?

पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगानं जमिनीवर आपटतो. म्हणजे तुमच्या सायकलपेक्षाही जोरात! गवत असेल तर तो मार गवताची पाती झेलतात. मुळं मातीला धरून ठेवतात. आम्ही गवतच काढून टाकलं होतं. मग थेंबांनी माती सुटी केली आणि पाण्यानं ती उचलली.

पाणी धावत असलं की डोक्यावर मातीचं ओझं घेऊन धावतं. त्याचा वेग कमी झाला की ते ओझं खाली ठेवतं. आधी जड वाळू, मग बारीक माती. अगदी बारीक चिकणमाती मात्र दिवस उलटला तरी तरंगत राहते. हे एवढं कळलं, की पुढचं सगळं सोपं.

गवंडीकाकांची शाळा

काम थांबलं होतं. आमच्या गवंडीकाकांनी मात्र घोंगतं काढलं, डोक्यावर घेतलं आणि भर पावसात जागेभोवती दोन फेऱ्या मारल्या. "बाई, पाणी कुठून येतं आणि कुठं जाऊ बघतं, ते पावसातच दिसतं. उन्हात काढलेला नकाशा अर्धाच." मग त्यांनी आम्हाला एकेक गोष्ट करायला लावली.

पहिली गोष्ट म्हणजे वरचं पाणी वरच अडवून वळवायचं. जागेच्या वरच्या कडेनं फूटभर खोल आणि दीड फूट रुंद चर खणला. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला चोपून तिचा बांध केला. त्यामुळे सड्याचं पाणी आमच्या जागेत न शिरता बाजूनं व्हाळाकडे जायला लागलं. चर जिथं व्हाळाला मिळतो तिथं मोठे दगड रचले. नाहीतर पाणी तिथली जमीन खरवडून नेतं.

चराला उतार किती द्यायचा? काकांनी पारदर्शक नळी पाण्यानं भरली. नळीची दोन टोकं दोन ठिकाणी धरली, की दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला उभं राहतं. त्या खुणेवरून त्यांनी दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार काढला. उतार कमी पडला तर पाणी तुंबतं, फार झाला तर चरच खणून निघतो.

दुसरी गोष्ट ढिगांची. उरलेला ढीग उतारावरून, पाण्याच्या वाटेवरून हलवला आणि वरच्या सपाट कोपऱ्यात नेला. त्यावर ताडपत्री घातली आणि पायथ्याशी चिऱ्यांचे तुकडे लावले.

तिसरी गोष्ट गवताची. गडग्याला लागून दोन मीटर पट्टा आम्ही मोकळा सोडला. तिथं कुणी चालायचं नाही, काही टाकायचं नाही. पंधरा दिवसांत तिथं गवत वाढलं. ते गवत म्हणजे गाळणी!

चौथी गोष्ट गाळखड्डा. जागेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात चार मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि गुडघ्याच्या वर खोल असा खड्डा केला. जागेतलं गढूळ पाणी आधी त्यात येतं, थांबतं, गाळ खाली ठेवतं आणि वरचं पाणी दगडांवरून हळूहळू पुढं जातं. खड्डा निम्मा भरला की गाळ उपसायचा. तो टाकायचा नाही. भरावाला उपयोगी पडतो.

पाचवी गोष्ट पायातल्या पाण्याची. पंपानं ते उपसताना पंपाचं तोंड गडग्यापलीकडे न सोडता गाळखड्ड्यात सोडलं. आणि पाया परत भरायच्या आधी मऊ झालेला चिखल तळापर्यंत काढला. चिखलावर पाया घातला तर घर खचतं.

सिमेंटची घमेली धुतलेलं पाणीसुद्धा काकांनी व्हाळात जाऊ दिलं नाही. ते पाणी तिखट असतं. कातडी पोळते, व्हाळातले मासे मरतात. त्यासाठी एका बाजूला वेगळा खड्डा केला.

मुलांनो, एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. पायाचे चर, गाळखड्डा, पाण्यानं भरलेला कुठलाही खड्डा ही खेळायची जागा नव्हे! वरून पाणी सारखंच दिसतं, खोली कळत नाही. आम्ही खड्ड्याभोवती बांबूचं कुंपण केलं होतं आणि तरीही माझ्या लेकीला तिकडं एकटीला जाऊ देत नव्हते.

मग काकूंचं काय झालं?

तरव्यावरचा चिखल आम्ही हातांनी काढायचा प्रयत्न केला. थोडी रोपं वाचली, बरीचशी गेली. मग मी आणि माझे यजमान वाडीत घरोघर गेलो. कुणाकडे लावणी होऊन रोपं उरतील का, असं विचारलं. झाला प्रकार स्वतःच्या तोंडानं सांगावा लागला. लाज वाटली, पण सांगितला. चार घरांनी रोपांच्या मुठी बाजूला काढून ठेवल्या. लावणीला आम्ही दोघं काकूंच्या खाचरात उतरलो. माझ्या लेकीनं मुठी पोचवायचं काम केलं. काकूंची लावणी आठ दिवस उशिरा झाली, पण झाली.

दसऱ्यानंतर आमचं काम पुन्हा सुरू झालं. या वेळी नकाशात आधी पाण्याची वाट काढली आणि मग घर. जोतं उंच घेतलं. भिंतीभोवतालची जमीन घरापासून बाहेरच्या बाजूला उतरती केली. छपराच्या पागोळ्या पन्हळीत घेतल्या. त्यांचं पाणी आता दगडी गटारातून गाळखड्ड्याकडे जातं.

यंदा मृगाचा पहिला पाऊस आला तेव्हा आम्ही सगळे छत्र्या घेऊन गडग्याशी उभे होतो. काकूही पलीकडे आल्या. दगडांवरून पाणी येत होतं. अगदी नितळ नव्हतं, थोडंसं तांबूस होतं. पण त्यात चिखल नव्हता आणि ते धावत नव्हतं, चालत होतं. काकूंनी ते ओंजळीत घेतलं, बघितलं आणि म्हणाल्या, "हे चालेल. एवढं तर देवच पाठवतो."

करून पाहा

१. दोन जुने ट्रे घ्या. दोन्हींत सारखी माती भरा. एकावर मुळांसकट गवत लावून आठ दिवस जगवा. मग दोन्ही सारखे तिरके ठेवा आणि झारीनं सारखंच पाणी घाला. खाली आलेलं पाणी दोन काचेच्या बरण्यांत गोळा करा. कुठली बरणी जास्त गढूळ?

२. गढूळ बरणी न हलवता ठेवा. पाच मिनिटांनी, एक तासानं आणि दुसऱ्या दिवशी बघा. तळाशी आधी काय बसलं? वर काय तरंगत राहिलं? आता सांगा, गाळखड्ड्यानं सगळी माती अडेल का? म्हणूनच माती मुळात वाहूच न देणं, हे सगळ्यात चांगलं.

३. पावसात मोठ्या माणसांबरोबर घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठून येतं, कुठं जातं, याचा नकाशा काढा आणि आईबाबांना दाखवा.

पालकांसाठी दोन शब्द

१८८२ सालच्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर उतरणार असेल, तर खालच्यानं ते उतरू द्यायचं असतं. पण 'नैसर्गिकपणे' हा शब्द विसरू नका. गवत काढून, ढीग रचून, सगळं पाणी एका धारेनं शेजाऱ्याच्या अंगावर सोडणं हे नैसर्गिक नव्हे. घराच्या खर्चाची यादी कराल तेव्हा चर, ताडपत्री आणि गाळखड्डा हे त्यात पहिल्या पानावर लिहा. आम्हाला हा खर्च पायाच्या दुसऱ्या खोदाईपेक्षा कितीतरी कमी आला.

आणि मुलांनो, आता पुन्हा तोच प्रश्न. घर बांधायला सगळ्यात आधी काय लागतं? परवा वर्गात खिडकीजवळच्या त्याच मुलीनं उत्तर दिलं, "बाई, खाली कोण राहतं ते बघायला लागतं."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरात तेच लिहिलं.