कॅमडेन टाउन म्हणजे तिकडचे कल्याण

आम्ही द्रोणागिरीची माणसे. मोरा बंदराच्या धक्क्यावर उभे राहिले की मुंबई समोर दिसते, पण तिथे पोहोचणे ही वर्षानुवर्षे एक खटपटच होती. लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे, तर ओहोटीची वेळ बघायची. बसने जायचे, तर कंटेनरच्या रांगेतून वाट काढायची. १२ जानेवारी २०२४ ला उरणची लोकल सुरू झाली तेव्हा कुठे सुटका झाली. त्यामुळे प्रवासाची वेळापत्रके, फाटे, बदलगाड्या हे सगळे आपल्याला कळते, असा माझा समज होता. २०२५ च्या जूनमध्ये आम्ही दोघे मुलाकडे लंडनला गेलो आणि तो समज जरा खाली आला.

मुलगा हाउन्स्लोला राहतो, हीथ्रो विमानतळाच्या बाजूला. तो आणि सूनबाई सकाळी आठला घर सोडत आणि संध्याकाळी सातला परत येत. मधले अकरा तास आम्ही खिडकीतून समोरची बाग बघत बसायचो. "बाबा, एकटे कुठे जाऊ नका, शनिवारी मी नेतो," असे त्याचे बजावणे. शनिवारी पाऊस. मुलांकडे परदेशी गेलेल्या आई-वडिलांपैकी कितीतरी जण सहा महिने राहून येतात आणि शहर पाहतात ते फक्त मुलाच्या गाडीच्या काचेतून. आमच्या ओळखीत अशी चार घरे आहेत. आपण पाचवे व्हायचे नाही, असे मी दहाव्या दिवशी ठरवले.

शिवाय मला एक घर पाहायचे होते. माझे वडील परळला गिरणीत होते, अक्षरे रात्रशाळेत शिकले. बाबासाहेब लंडनला कसे शिकले, हे ते आम्हाला जेवताना सांगत. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर जिथे राहत होते, ते १० किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. वडिलांना ते बघायला मिळाले नाही. जवळचे भुयारी रेल्वेचे स्थानक चॉक फार्म. मंगळवारी जायचे ठरले.

आता थोडे त्या रेल्वेविषयी. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ मध्ये धावली आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ मध्ये, लंडनची भुयारी गाडी. सगळे तिला ट्यूब म्हणतात. तिचा रंगीबेरंगी नकाशा आपण टी-शर्टवरसुद्धा पाहिलेला असतो. तो हॅरी बेक नावाच्या आरेखकाने १९३१ मध्ये काढला. हा माणूस विजेच्या मंडलांचे आराखडे काढणारा. जमिनीखाली चाललेल्या उतारूला वरचे रस्ते कशाला हवेत, असा विचार करून त्याने सगळ्या रेषा सरळ केल्या. आडव्या, उभ्या, नाहीतर तिरक्या. गर्दीचा मधला भाग फुगवला आणि लांबची उपनगरे जवळ ओढली. साहेबांनी आधी तो नाकारला, पण १९३३ मध्ये छापला तेव्हा लोकांनी उचलून धरला.

म्हणून हा नकाशा गाडी कुठे बदलायची हे अचूक सांगतो, पण किती चालायचे हे मुळीच सांगत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही शेजारची दोन स्थानके. त्यांच्यात अंतर जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे मीटर. खाली उतरून, गाडी पकडून, पुन्हा वर येईपर्यंत माणूस चालत पोहोचून चहा मागवतो. चालण्यासाठी रस्त्यावर वेगळे नकाशे उभे केलेले आहेत. पाच मिनिटांत कुठवर जाल याचे वर्तुळच त्यांच्यावर आखलेले असते. मात्र त्यांची वरची बाजू म्हणजे उत्तर नव्हे. आपण ज्या दिशेला तोंड करून उभे आहोत ती बाजू वर असते. हे कळेपर्यंत मी दोनदा उलटा चाललो.

तिकिटाचे काम सोपे आहे. कार्ड फाटकावर टेकवायचे, उतरल्यावर तेच कार्ड पुन्हा टेकवायचे. नवरा-बायकोला एक कार्ड चालत नाही, प्रत्येकाचे वेगळे लागते. सकाळी साडेनऊनंतर निघालात तर भाडे कमी पडते. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे. डावी बाजू घाईवाल्यांची.

तर आम्ही हाउन्स्लो ईस्टहून निघालो आणि लेस्टर स्क्वेअरला उतरून नॉर्दर्न लाइनच्या उत्तरेकडच्या फलाटावर आलो. गाडी आली, चढलो. कॅमडेन टाउन गेले. पुढचे चॉक फार्म, म्हणून मी हिला उठवून दाराशी उभे केले. पाटी आली ती केंटिश टाउनची!

ही लाइन कॅमडेन टाउनला फुटते. एक फाटा एजवेअरकडे, दुसरा हाय बार्नेटकडे. म्हणजे हे तिकडचे कल्याण. कसाऱ्याची की कर्जतची, हे न बघता चढलो होतो. आणि मी तर उरण लाइनचा माणूस. गाडी बेलापूरची की नेरुळची हे आम्ही रोज बघून चढतो. तिथे मात्र फक्त 'उत्तरेकडे' एवढेच वाचले. गाडीच्या कपाळावरचे आणि फलाटावरच्या फलकावरचे शेवटचे स्थानक वाचायचे राहिले. परतीला तर दक्षिणेकडेही दोन फाटे आहेत, एक बँकवरून आणि दुसरा चेअरिंग क्रॉसवरून.

ही काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. तिचे गुडघे दुखत होते आणि समोरच्या दिशेची गाडी धरायला पुन्हा फलाट बदलायचा होता. नकाशावर काही स्थानकांपुढे चाकाच्या खुर्चीचे चिन्ह असते. निळ्या गोलातले असेल तर रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत एकही पायरी नाही, पांढऱ्या गोलातले असेल तर फक्त फलाटापर्यंत. हे मी घरीच बघून ठेवायला हवे होते.

चॉक फार्मला लिफ्ट निघाली. बाहेरून स्थानक गडद तांबड्या, चकचकीत फरशांचे. ते १९०७ पासून आहे, म्हणजे बाबासाहेब इथे राहत होते तेव्हाही होतेच. रेल्वेवरचा पादचारी पूल ओलांडला आणि थोड्याच वेळात भिंतीवरची निळी पाटी दिसली. घर मोठे नाही, दोन्ही बाजूंनी शेजार चिकटलेला. खोलीत उभा राहिलो तेव्हा मला वडिलांची रात्रशाळेतली पाटी आठवली. जास्त काही सांगता येणार नाही.

परतताना जिने नकोत, म्हणून कॅमडेन टाउनपर्यंत हळूहळू चाललो आणि २४ नंबरची बस धरली. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, चढताना एकदा कार्ड टेकवले की झाले. आम्ही गेलो तेव्हा भाडे पावणेदोन पौंड, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. तासाभरात दुसरी बस घेतली तर ती फुकट. आणि दिवसभर बसने कितीही फिरलात तरी तेव्हा सव्वापाच पौंडांच्या वर पैसे कापले जात नव्हते. एकाच नावाचे तीन-चार थांबे असतात, म्हणून थांब्याच्या खांबावरचे अक्षर बघून उभे राहायचे.

बस आली तशी गुडघ्यांचे नाव काढणारी ही बाई जिना चढून थेट वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेजवळ जाऊन बसली. ट्रफाल्गर चौक गेला, मग सरकारी कचेऱ्यांचा रस्ता, आणि समोर ते मोठे घड्याळ. तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी उचलायच्या आत हिने घेतला. "अरे, आम्ही पार्लमेंटपाशी आहोत. तुझे बाबा चुकले होते, पण मी आहे ना. भात लावून ठेव."