दुधांतील प्रथिनांची साक्ष

गेल्या महिन्यांत आमच्या सूनबाईंनीं गुलमंडीवरून तुपाचा एक डबा आणला. किंमत नेहमींच्या तुपाच्या दुप्पट. कारण विचारतां त्यांनीं डब्यावरील 'ए-टू' या अक्षरांकडे बोट दाखविलें. नातवानें लगेच विचारलें, "आजोबा, ए-टू म्हणजे काय?" चौतीस वर्षें संस्कृत शिकविणाऱ्या मला उत्तर देतां आलें नाहीं. 'ठाऊक नाहीं' असें म्हणण्यांत मास्तराला कमीपणा नाहीं. पण उत्तर शोधल्यावांचून स्वस्थ बसणें बरें नव्हे. म्हणून माहितगारांस विचारून व मिळेल तें वाचून जें समजलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

'ए-टू' हा दुधांतील एका प्रथिनाचा प्रकार आहे. प्राण्याच्या शरीरांतील बहुतेक कामें प्रथिनें करतात. तीं कशीं घडवावीं याच्या आज्ञा पेशींतील आनुवंशिक ग्रंथांत लिहिलेल्या असतात. गाईचा हा ग्रंथ शास्त्रज्ञांनीं 2009 सालीं वाचून प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें 22,000 जनुकें आढळलीं. परंतु पाकशास्त्राचें पुस्तक घरांत आहे एवढ्यावरून आज काय शिजलें तें कळत नाहीं. पानांत काय वाढलें तेंच पाहावें लागतें. यकृतांत आणि कासेंत ग्रंथ एकच, पण तयार होणारीं प्रथिनें निराळीं. आरोग्यांत निराळीं, आजारांत निराळीं. हीं सर्व प्रथिनें एकत्र ओळखून मोजण्याचें जें शास्त्र, त्यास 'प्रोटिऑमिक्स' हें नांव मिळालें. आपण त्यास प्रथिनसमूहशास्त्र म्हणूं.

हें काम किती नाजूक आहे पाहा. इंग्लंडमधील फ्रेडरिक सँगर यांनीं गाईबैलांच्या इन्शुलिन या लहानशा प्रथिनाची अवघ्या 51 दुव्यांची सांखळी उलगडण्यास सुमारें दहा वर्षें वेंचलीं, आणि त्याबद्दल त्यांस 1958 चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें अमेरिकेचे जॉन फेन व जपानचे कोइची तानाका यांनीं असे नाजूक पदार्थ न मोडतां तोलण्याच्या युक्त्या काढल्या; त्यांसही 2002 सालीं तोच मान मिळाला. आज दुधाच्या थेंबभर नमुन्यांतील शेंकडों प्रथिनें एका दिवसांत ओळखतां येतात.

आतां डब्यावरील अक्षरांकडे वळूं. दुधांतील बीटा-केसीन या प्रथिनाच्या सांखळींत 209 दुवे असतात. सदुसष्टावा दुवा प्रोलीन असेल तर तें ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. भेद एवढाच. करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन संस्थेच्या संशोधकांनीं 2009 सालीं दाखवून दिलें कीं, आपल्या देशी गाईंत बहुतांशीं ए-टूच असतें आणि म्हशींत तर सर्वस्वी ए-टूच. म्हणजे पिढ्यानपिढ्या आपल्या दारांत येणारें म्हशीचें दूध बिनचिठ्ठीचें ए-टूच होतें! ए-वन दुधानें रोग जडतात हें सिद्ध झालें नसल्याचा निर्वाळा यूरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनें 2009 मध्येंच दिला आहे. शिवाय तूप म्हणजे जवळजवळ शुद्ध स्निग्ध पदार्थ. त्यांत प्रथिन नांवालाच. मग त्या प्रथिनाचा प्रकार तुपाच्या डब्यावर कशाला? आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानें ऑगस्ट 2024 मध्यें असे दावे काढून टाकण्याचा हुकूम काढला होता. पण थोड्याच दिवसांत, अधिक विचारविनिमयासाठीं म्हणून, तो मागें घेतला.

मला खेद वाटतो तो दुप्पट किंमतीचा नव्हे. एवढें मोठें शास्त्र आपल्या घरांत शिरलें तें डब्यावरील चिठ्ठीच्या रूपानें. ज्या गोठ्यांत त्याची खरी गरज, तेथें तें अद्याप पोंचलें नाहीं.

आम्हांस हर्सूलहून दूध घालणाऱ्या गवळ्याच्या म्हशीचा एक सड गेल्या वर्षीं दगडीनें, म्हणजे कासदाहानें, कायमचा बंद पडला. तो म्हणाला, "मास्तर, दूध पांढरंच होतं, कासही सुजली नव्हती, मग कळणार कसं?" आपल्या पूर्वजांनीं शालिहोत्राच्या नांवें अश्ववैद्यक आणि पालकाप्याच्या नांवें गजवैद्यक रचलें, त्यांचीही अडचण हीच होती. रोगी स्वतःची हकीकत सांगूं शकत नाहीं.

पण दूध सांगूं शकतें. जंतु कासेंत शिरतांच जनावराचें शरीर हॅप्टोग्लोबिन, कॅथेलिसिडिन यांसारखीं संरक्षक प्रथिनें दुधांत सोडतें. ग्लासगो येथील संशोधकांनीं सहकाऱ्यांसह गाईंच्या कासेंत मुद्दाम जंतु सोडून, ठराविक तासांनीं दूध तपासलें. 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या या कामांत अडीच हजारांच्या आसपास प्रथिनें ओळखण्यांत आलीं. रोगाची चाहूल देणारीं प्रथिनें कोणतीं, हें अशाच अभ्यासांतून ठरतें. तसेंच, गाभण जनावराच्या रक्तांत व दुधांत वारेकडून येणारीं कांहीं प्रथिनें सुमारें चार आठवड्यांनंतर ओळखूं येतात. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. एक माज हुकला कीं 21 दिवस वायां जातात आणि भाकड जनावराचा चारा मात्र चालूच राहतो. कडबा महागलेल्या वर्षीं मराठवाड्यांतील शेतकऱ्यास याचा अर्थ सांगावा लागत नाहीं.

परभणीस 1972 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, उदगिरासही आहे. देवणी, लाल कंधारी या गाई आणि उस्मानाबादी शेळी हें आपल्या प्रांताचें धन आहे. प्रथिनें तोलणारीं यंत्रें फार महाग. तीं गांवोगांव असावींत असें कोणी म्हणणार नाहीं. पण त्यांतून लागलेल्या शोधांची स्वस्त कागदी पट्टी गोठ्यापर्यंत यावी, ही अपेक्षा अवाजवी नाहीं.

तोंवर जुने उपाय आहेतच. धार काढण्यापूर्वीं दोन-चार धारा काळ्या कापडावर सोडून गुठळ्या पाहाव्या. धार काढल्यावर सड जंतुनाशकांत बुडवावे. आणि सडांचीं तोंडें मिटेपर्यंत, अर्धा तास तरी, जनावरास बसूं देऊं नये.

नातवाला मीं एवढेंच सांगितलें, "बाळ, ए-टू म्हणजे दोनशें नऊ दुव्यांतला एक दुवा." सूनबाईंनीं पुढच्या खेपेस साधें तूप आणलें. वांचलेल्या पैशांतून आम्हीं गवळ्यास सड बुडविण्याच्या औषधाची बाटली घेऊन दिली. ज्यांच्या दारीं अजून रतीब येतो, त्या वाचकांनीं आपल्या गवळ्यास त्याच्या जनावराच्या कासेविषयीं एकदां विचारून पाहावें.