छोट्या रणगाड्याचा खरा रंग कोणता?

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून गेलेले जर्मन रणगाडे कोणत्या रंगाचे होते? प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडणारे आणि रंगवणारे लोक अनेक दशके या प्रश्नाचे उत्तर बेधडक देत आले: गडद करडे. किटमधल्या सूचनापत्रकावर तोच रंग, खोक्यावरच्या चित्रात तोच, पुस्तकांतही तोच. पुराव्यादाखल कृष्णधवल छायाचित्रांचा ढीग होता आणि त्यांत रणगाडे एकजात करडे दिसत होते. पुढे टॉम जेंट्झ आणि हिलरी डॉइल या अभ्यासकांनी जर्मन सैन्याचे मूळ आदेश धुंडाळले, तेव्हा निराळीच हकिगत समोर आली. युद्धापूर्वीच्या आदेशानुसार रणगाड्याचा दोन तृतीयांश भाग गडद करडा आणि एक तृतीयांश गडद तपकिरी रंगवायचा होता. फक्त करडा रंग लावण्याचा आदेश निघाला तो जुलै १९४० च्या अखेरीस, म्हणजे पोलंड आणि फ्रान्स या दोन्ही मोहिमा आटोपल्यावर. हे दोन्ही रंग इतके काळपट की कृष्णधवल फिल्मवर त्यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. एकदा हे माहीत झाल्यावर काही जुन्या छायाचित्रांत तपकिरी पट्ट्यांच्या पुसट कडा दिसू लागतात. त्या तिथे पहिल्यापासून होत्या, पण कोणी त्या शोधतच नव्हते.

या प्रकरणातून एक सरळ धडा सगळेच घेतात: रंग कागदपत्रांवरून ठरवावा, सवयीने ठरवू नये. तो बरोबरच आहे. पण त्यापुढे एक पायरी आहे आणि माझ्या मते स्केल मॉडेलिंगच्या कलेचे मर्म तिथे आहे. समजा, आदेश हाती लागला. त्यातल्या करड्या रंगाला पुढे राल ७०२१ हा क्रमांक मिळाला. राल ही जर्मनीतली रंगप्रमाणीकरणाची व्यवस्था १९२५ पासूनची. तिचा पहिला संग्रह १९२७ मध्ये ४० रंगांचा होता आणि ७०२१ हा क्रमांक आजही तिच्या कोष्टकात सापडतो. म्हणजे अस्सल रंग कोणालाही विकत घेता येईल. तो घेऊन १/३५ प्रमाणातल्या रणगाड्यावर जसाच्या तसा मारला तर काय होते? वीतभर लांबीचे काळे ढेकूळ तयार होते. झाकणांच्या बिजागऱ्या, रिव्हेट, साखळदंडाच्या कड्या, सगळे त्या काळोखात बुडून जाते. रंग कागदोपत्री शंभर टक्के बरोबर आणि मॉडेल मात्र साफ चुकलेले. मूळ रंग कोणता होता हे पुराव्याने ठरते; मॉडेलवर कोणता रंग लावायचा हे त्यावरून आपोआप ठरत नाही. तो निर्णय रंगवणाऱ्याला स्वतः घ्यावा लागतो, कारण रणगाडा लहान करता येतो, त्याच्यावर पडणारा प्रकाश लहान करून घरात आणता येत नाही.

प्रकाशाचे हे गणित नीट पाहण्यासारखे आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. घराच्या दिवाणखान्यात संध्याकाळी तो शंभर ते तीनशे लक्स भरतो. म्हणजे खरा रणगाडा ज्या प्रकाशात उभा होता त्याच्या काही सहस्रांश प्रकाशात आपण मॉडेल पाहतो. डोळा या फरकाशी जुळवून घेतो खरा, पण पूर्णपणे नाही. ब्रिटिश रंगशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. जी. हंट यांनी १९५२ मध्ये मांडलेले निरीक्षण असे, की प्रकाश वाढला की तोच रंग आपल्याला अधिक रसरशीत दिसतो आणि प्रकाश घटला की मलूल. उजेड-अंधारातला फरकही भरपूर प्रकाशात जास्त ठसठशीत जाणवतो. त्यात उन्हात प्रकाश एकाच दिशेने कडक येतो, तर खोलीत तो पांढऱ्या भिंतींवरून आणि छतावरून उसळून सावल्यांत शिरतो. खऱ्या रणगाड्याच्या तोफघराखाली दाट सावली पडते. कपाटातल्या मॉडेलच्या तोफघराखाली जेमतेम अंधारल्यासारखे होते. म्हणून मॉडेलर वरच्या पृष्ठभागांवर रंग थोडा उजळतो, खाचाखोचांत गडद पातळ रंगाचा वॉश सोडतो आणि कडा किंचित फिकट करतो. खोलीने हिरावून घेतलेला प्रकाश तो रंगाच्या रूपाने परत देतो.

या ठिकाणी एक जुनी समजूत तपासून घ्यायला हवी. मॉडेलरांमध्ये ‘स्केल इफेक्ट’ नावाचा नियम प्रचलित आहे. दूरचे डोंगर जसे हवेमुळे फिकट दिसतात तसे विमान किंवा रणगाडाही दुरून फिकट दिसतो. मॉडेल पाहणे म्हणजे मूळ वस्तू दुरून पाहणे. म्हणून रंगात पांढरा मिसळावा, असा तो युक्तिवाद. त्याची कोष्टकेही फिरत असतात: १/७२ साठी १५ टक्के, १/४८ साठी १० टक्के, असे. पण हिशेब करून पाहा. १/७२ चे विमान ३० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खरे विमान सुमारे २२ मीटरवरून पाहणे. ज्या दिवशी २० किलोमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, त्या दिवशी २२ मीटरच्या अंतरात हवेमुळे पडणारा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरतो. मग १५ टक्के पांढरा कशासाठी? या कारणमीमांसेवर टीकाकार हसतात ते योग्यच आहे. पण त्यावरून ते जो निष्कर्ष काढतात, की रंग बाटलीतून काढून जसाच्या तसा मारावा, तो मला मान्य नाही. रंग उजळण्याची गरज खरी आहे, फक्त तिचे कारण हवा नसून खोलीतला अपुरा प्रकाश हे आहे. आणि कारण बदलले की उपायही बदलतो. सरसकट पांढरा मिसळला तर रंगाचा कस जातो, तो खडूसारखा दिसू लागतो. लाल-पिवळ्याचे तर वाटोळेच होते. प्रकाश जिथे पडला असता तिथेच रंग उजळावा आणि त्यासाठी त्याच रंगाचा फिकट भाऊबंद घ्यावा. मॉडेल उन्हात ठेवून छायाचित्रे काढायची असतील तर हे उजळणे बरेच कमी करावे लागते, नाहीतर ते भडक दिसते. यावरूनही दिसते की मामला अंतराचा नसून प्रकाशाचा आहे.

दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या एअरब्रशचे महत्त्व इथे कळते. हे अवजार मुळात पृष्ठभाग झाकण्यासाठी जन्मालाच आले नाही. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या अ‍ॅबनर पीलर यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे ओबडधोबड रूप तयार केले, लिबर्टी वॉकअप यांनी ते सुधारले आणि चार्ल्स बर्डिक यांनी १८९० च्या दशकात त्याला आजच्या एअरब्रशच्या जवळ नेले. त्या काळी त्याचा मोठा उपयोग छायाचित्रांवर हात फिरवण्यासाठी होई: गालावरची सावली मऊ करणे, पार्श्वभूमी हळूहळू विरघळवणे. उजेडाकडून अंधाराकडे नकळत जाणारी छटा ब्रशने काढणे कठीण आणि एअरब्रशने सोपे. आजच्या दुहेरी क्रियेच्या एअरब्रशमध्ये कळ खाली दाबली की हवा सुटते, मागे ओढली की सुई सरकते आणि दोन-तीन दशांश मिलिमीटरच्या तोंडातून रंग निघतो. रंग दुधाइतका पातळ करायचा, हवेचा दाब पंधरा-वीस पीएसआयच्या आसपास ठेवायचा, आणि एका जाड हाताऐवजी अनेक विरळ हात द्यायचे. विरळ हातांतून खालचा थर दिसत राहतो. त्यामुळे आधी काळा प्रायमर मारून मधल्या भागावर मूळ रंगाचे विरळ थर चढवत नेले की कडेला आपोआप सावली उरते. मॉडेलर कुठेही थांबू शकतो, मागे येऊ शकतो, जास्त झालेले पुन्हा दाबू शकतो. निर्णय घ्यायचा असेल तर असे अवजार हवे. (बंद खोलीत, विशेषतः लॅकर रंग फवारताना, चांगला मास्क आणि धूर बाहेर टाकणारा पंखा लागतोच. यात हयगय नको.)

एअरब्रशच्या बाजूने आणखी एक पुरावा आहे आणि तो खुद्द रणांगणावरचा आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग बदलून गडद पिवळा, राल ७०२८, करण्यात आला. त्यावर मारण्यासाठी ऑलिव्ह हिरवा आणि लालसर तपकिरी हे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून तुकड्यांना पुरवले जात. लगदा पेट्रोलमध्ये किंवा, पेट्रोलची चणचण असेल तर, पाण्यात कालवायचा आणि कंप्रेसरवर चालणाऱ्या पिचकारीने फवारायचा, हे काम सैनिकांनीच करायचे. कोणी किती पातळ केला, कोणाचा हात किती जवळ होता, मधे पाऊस आला का, यावर प्रत्येक रणगाड्याची छटा वेगळी झाली. पिचकारीच्या पट्ट्याची कड खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरभर विरत गेली असेल, तर १/३५ प्रमाणात ती एक मिलिमीटरमध्ये विरली पाहिजे. हे काम एअरब्रश करतो, कारण मुळात ते काम फवाऱ्याचेच होते. म्हणून काही एअरब्रश ही सक्ती नाही. काही तुकड्यांनी पिचकारी नसल्याने साध्या ब्रशने पट्टे ओढले. छायाचित्रात कड ठसठशीत असेल तर मॉडेलवरही ब्रशच चालवावा. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी १९७०-८० च्या काळात वॉश आणि ड्राय-ब्रशच्या (जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावावर रंग घासण्याच्या) बळावर मॉडेलिंगची नजरच बदलून टाकली, हेही विसरता येत नाही. पण गडद पिवळ्याच्या बाबतीत ‘अचूक छटा’ नावाची एकच गोष्ट मागणारा माणूस अस्तित्वात नसलेली वस्तू मागतो आहे. हिरव्याचा ६००३ आणि तपकिरीचा ८०१७ हे क्रमांक आजच्या राल कोष्टकात आहेत. ७०२८ त्यातून गळला आहे.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप येतो. सगळेच रंगवणाऱ्याच्या निर्णयावर सोडले तर मग काहीही चालेल, नाही का? गेल्या काही दशकांतली अनेक मॉडेल्स पाहिली की हा आक्षेप पोकळ नाही हे कळते. प्रत्येक पत्र्याच्या सांध्यात काळी रेघ, प्रत्येक कडेला उडालेला रंग, तोफघरावरून गंजाचे ओघळ. हिशेब इथेही उपयोगी पडतो. विमानाच्या दोन पत्र्यांमधली फट दोन मिलिमीटरची धरली तर १/७२ प्रमाणात ती मिलिमीटरच्या तीन शतांशांएवढी होते. किटमध्ये कोरलेली रेघ मुळातच तिच्या कितीतरी पट रुंद असते, वर तिच्यात काळा वॉश भरला की विमान फरशीसारखे चौकटीचौकटीचे दिसते. १/३५ च्या मॉडेलवर एक मिलिमीटरचा उडालेला रंग म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरची खपली. चंदेरी रंगातले धातूचे कण लहान होत नाहीत. नुसत्या डोळ्यांना दिसणारा कण १/७२ वर काही मिलिमीटरच्या चकतीएवढा ठरतो. आणि पूर्व आघाडीवर पाठवलेला रणगाडा अनेकदा काही महिन्यांतच निकामी व्हायचा. त्याच्यावर धूळ आणि चिखल भरपूर असणार, पण वर्षानुवर्षांचा गंज कुठून येणार? तेव्हा निर्णयस्वातंत्र्याला मर्यादा आहेत आणि त्या दोन बाजूंनी येतात: एकीकडे आदेश, छायाचित्रे आणि वाहनाचे आयुष्य; दुसरीकडे प्रमाणाचा हिशेब. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात रंगवणाऱ्याचे राज्य आहे. त्या पट्ट्याबाहेर जाऊन केलेले काम कितीही देखणे असले तरी मी त्याला चांगले मॉडेल म्हणणार नाही. खोक्यावरच्या नाट्यमय चित्रांनी आपल्या डोळ्यांना ज्वाळांच्या उजेडात न्हालेल्या रणगाड्यांची सवय लावली आहे, तीही इथे आवरावी लागते.

दुसरा आक्षेप भाबडा वाटला तरी वारंवार येतो: संग्रहालयात जाऊन खरी वाहने पाहा आणि तसा रंग द्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही सोय घरबसल्या म्हणावी इतकी जवळ आहे. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये ब्रिटिश, अमेरिकी, जपानी रणगाडे आणि १९६५ च्या भारत-पाक युद्धात हाती आलेले पॅटन रणगाडे उभे आहेत. ज्यांची किट बाजारात मिळतात अशी वाहने तिथे प्रत्यक्ष पाहता येतात. वेल्डिंगचा सांधा किती खडबडीत असतो, ओतीव पोलादाचा पोत कसा दिसतो, साखळदंडाचा कोणता भाग घासून चकाकतो आणि कोणता तसाच राहतो, हे शिकण्यासाठी यासारखी दुसरी शाळा नाही. पण रंगासाठी संग्रहालयातल्या वाहनावर विसंबणे धोक्याचे असते. प्रदर्शनातली वाहने टिकवण्यासाठी वेळोवेळी नव्याने रंगवावी लागतात. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात पकडला गेलेला आणि आता इंग्लंडच्या बोव्हिंग्टनमध्ये असलेला टायगर १३१ हा जर्मन रणगाडासुद्धा आजवर एकाहून अधिक वेळा रंगवला गेला आहे. संग्रहालयातून पोत, माप आणि झीज घ्यावी. रंगासाठी कागदपत्रांकडे आणि थरांखाली उरलेल्या मूळ रंगाच्या तुकड्यांकडे जावे. छायाचित्रांबाबतही हीच सावधगिरी हवी. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट.

स्पर्धांमध्ये आणि प्रदर्शनांत आज परीक्षण बहुधा मॉडेल पाहूनच होते आणि मग छटेवरून वाद रंगतात: एक म्हणतो फार फिकट, दुसरा म्हणतो फार गडद, आणि दोघांकडेही मोजपट्टी नसते. यावर माझी एक सूचना आहे. प्रत्येक मॉडेलसोबत एक साधे कार्ड ठेवावे. मूळ रंग कोणता मानला आणि कशाच्या आधारे. कोणता भाग निव्वळ अंदाजाचा आहे. मूळ रंगात कुठे आणि का बदल केला. आणि मॉडेल कोणत्या प्रकाशात पाहावे असे धरून रंगवले. चार ओळी पुरेत. परीक्षकांनी गुण देताना त्या चार ओळी वाचाव्यात आणि मॉडेल त्यांच्याशी ताडून पाहावे. या दिवाळीच्या सुट्टीत जे कोणी पहिले किट उघडून बसतील, त्यांनी कंप्रेसर सुरू करण्याआधी त्या चार ओळी लिहून काढाव्यात.