शस्त्राचा परवाना आणि राज्याची वेस

काचीगुड्याहून नांदेडकडे जाणारी आगगाडी निजामाबाद मागे टाकते, गोदावरी ओलांडून बासरला येते, आणि त्यानंतर थोड्याच वेळात धर्माबाद लागते. बासर तेलंगणात आहे, धर्माबाद महाराष्ट्रात. या दोन स्थानकांच्या दरम्यान एका राज्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते, परंतु खिडकीतून पाहणाऱ्यास त्याची काहीच खूण दिसत नाही. निजामी अमदानीत संस्थानच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि तेथे प्रवाशाला बोचकी सोडून दाखवावी लागत. त्या काळी हैदराबाद आणि नांदेड ही मात्र एकाच राज्यातील गावे होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार पुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि ज्यांचे घर हैदराबादेत व शेत नांदेडकडे अशा अनेक मराठी कुटुंबांच्या मधून ही अदृश्य रेघ गेली.

श्रोतेहो, बहुतेक व्यवहारांत ही रेघ आपल्याला आडवी येत नाही. ज्याच्या सामानात परवान्याचे पिस्तूल आहे, त्याला मात्र ती येते.

समजा, सुलतान बाजारातील एका गृहस्थांच्या वडिलांजवळ .32 बोअरचे पिस्तूल होते. वडील वारले. पिस्तूल कपाटात राहिले, आणि त्याचे एक जादा मॅगझिन वडिलांच्या जुन्या ट्रंकेत. मॅगझिन म्हणजे काडतुसे एकावर एक बसविण्याची ती चपटी पेटी. ती मुठीत सरकवली की पिस्तूल भरले जाते. शेतावर चोऱ्या होतात म्हणून चिरंजीवांच्या मनात आले की, पिस्तूल गावी न्यावे. निदान ट्रंक तरी न्यावी. या साध्या विचारात गुन्ह्याचे किती प्रसंग दडलेले आहेत, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. शस्त्रांचे कायदे प्रत्येक राज्यात निराळे असतात, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत वस्तुस्थिती बरीचशी तशी आहे. तेथे न्यू यॉर्क राज्यात दहांहून अधिक गोळ्यांचे मॅगझिन बाळगण्यास मनाई आहे, तर टेक्सासमध्ये असा निर्बंध नाही. 1994 मध्ये तेथील मध्यवर्ती सरकारने दहा गोळ्यांची मर्यादा साऱ्या देशाला लावली होती; तिची मुदत 2004 मध्ये संपली आणि प्रत्येक राज्य पुन्हा आपापल्या मार्गाने गेले. म्हणून एका राज्यात रीतसर घेतलेली वस्तू मोटारीतून शेजारच्या राज्यात नेताच तेथे बेकायदेशीर ठरू शकते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या राज्यघटनेने हा विषय संघसूचीत, पाचव्या क्रमांकावर घातला आहे. शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके यांविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. 1959 चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला आणि 2016 चे नियम सध्या त्याच्या जोडीला आहेत. तो तेलंगणात जो आहे तोच महाराष्ट्रात आहे. त्यापूर्वीचा 1878 चा कायदा लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतला. त्याने हिंदी माणसाला परवाना घ्यावयास लावले आणि युरोपियनांना मोकळीक दिली. आपल्या राजकीय चळवळीतील एक जुनी सल त्यातूनच निर्माण झाली होती.

कायदा एक आहे, म्हणून परवानाही सर्वत्र चालतो असे मात्र नाही, आणि नेमके येथेच सज्जन माणसे फसतात. परवाना देतो तो स्थानिक अधिकारी. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि हैदराबादसारख्या, पोलीस आयुक्त नेमलेल्या शहरात स्वतः आयुक्त. परवान्याच्या नमुन्यात तो कोणत्या क्षेत्रात चालेल, यासाठी एक रकाना असतो. त्यात एखादा जिल्हा लिहिलेला असेल, एखादे राज्य असेल, क्वचित सारा भारत असेल. जे लिहिले असेल तेवढीच त्या कागदाची सत्ता. ज्या परवान्यावर केवळ तेलंगण राज्य लिहिले आहे, तो धर्माबादच्या फलाटावर उतरणाऱ्याचे रक्षण करीत नाही. परवान्याच्या अटीचा भंग हा कलम 30 खाली शिक्षेस पात्र आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम 17 खाली परवानाच रद्द होऊ शकतो. पलीकडच्या राज्यात शस्त्र नेण्याचे खरे कारण असेल, तर ते लेखी मांडून आपल्याच परवाना अधिकाऱ्याकडून क्षेत्र वाढवून घ्यावे. हा मार्ग संथ आहे हे खरे. पण दुसरा सरळ मार्ग नाही.

हद्दीपलीकडून शस्त्रे आणण्याचा विषय हैदराबादला अपरिचित नाही. 1948 च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून विमाने भरभरून निजामासाठी शस्त्रे आणली होती. सप्टेंबरमधील पोलीस कारवाईने तो अध्याय संपला. शस्त्र कोठून येते आणि कोठे जाते यावर सरकारची नजर इतकी करडी का, हे ज्यांनी ते दिवस ऐकून-वाचून जाणले आहेत त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

आता त्या मॅगझिनकडे वळू. "रिकामी पेटी ती, तिने काय होणार?" असे कोणीही म्हणेल. परंतु अधिनियमातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. निषिद्ध शस्त्र कोणते हे सांगताना तर कायद्याने मॅगझिनचा नावानेच उल्लेख केला आहे: चाप दाबून धरला असता, तो सोडीपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत ज्यातून गोळ्या सुटत राहतात, ते निषिद्ध. मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावाव्यात याची राज्यागणिक मर्यादा आपल्याकडे नाही; आपला कायदा शस्त्राच्या जातीकडे पाहतो. काडतुसांची गणती मात्र तो चोख ठेवतो. एका वेळी जवळ किती बाळगावीत आणि वर्षाकाठी किती विकत घ्यावीत, हे दोन्ही आकडे परवान्यावर असतात.

कलम 45 मध्ये एक सवलत आहे. शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा किरकोळ भाग जवळ असला, आणि त्याचा पूरक भाग स्वतःजवळ किंवा दुसऱ्या कोणाजवळ असून त्याच्याशी जोडून वापरण्याचा हेतू नसला, तर अधिनियम लागू होत नाही. वाक्य नीट ऐकावे. आपल्या गृहस्थांच्या घरी तेच पिस्तूल कपाटात आहे. पूरक भाग त्यांच्याचपाशी असताना या सवलतीवर विसंबून सुटे मॅगझिन गावी नेणे म्हणजे आपली बाजू आपणच दुबळी करणे होय.

"ट्रंकेत ते होते हे मला ठाऊकच नव्हते," हा बचाव न्यायालये ऐकतात. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच सांगितले. त्याच निकालात असेही म्हटले की, वस्तू अंगावर नसली तरी तिच्यावर हुकमत असल्यास ताबा मानता येतो. विमानतळावर प्रवाशाच्या पिशवीत एखादे विसरलेले काडतूस सापडते. अशा एका प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने 2014 मध्ये प्रवाशाच्या बाजूने निर्णय दिला. पण तेथवर पोहोचण्यापूर्वी गुन्हा नोंदला जातो, विमान चुकते आणि वकिलाकडे खेटे सुरू होतात. पाहुणा येण्याआधी ट्रंक उपसणारी गृहिणी प्रवासाआधीही ती उपसील, तर बरेच काही टळेल.

आपल्या गृहस्थांची सर्वांत मोठी चूक मात्र प्रवासाची नाहीच. वडील वारले, आणि परवाना त्यांच्या नावाचा होता. परवाना हा वाड्यासारखा वारसाने आपोआप मुलाकडे येत नाही. ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाकारण विलंब न लावता शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम 21 सांगते. ते जमा करून पावती घ्यावी आणि वारस म्हणून स्वतःच्या नावाच्या परवान्यासाठी अर्ज करावा. वडिलांची आठवण म्हणून ते कपाटात ठेवले, तर ते विनापरवाना अग्निशस्त्र होते. त्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीने दोन ते पाच वर्षांची कैद व दंड इतकी केली आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रांची मुभा ठेवली, आणि वारशाने मिळणाऱ्या शस्त्रांनाही ही मर्यादा लागू आहे.

नांदेडच्या ओळखीच्या माणसाकडून जुने मॅगझिन किंवा पिस्तूल परस्पर घ्यावे, हाही विचार काही जणांना सुचतो. खासगी माणसाला आपले अग्निशस्त्र विकावयाचे असल्यास त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून निदान 45 दिवस थांबले पाहिजे, आणि घेणाराही ते बाळगण्यास कायद्याने पात्र असला पाहिजे. विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाची नोंद परवान्यावर करून घ्यावी. परवाना नेहमी शस्त्राबरोबर असावा, कारण शस्त्र नेणाऱ्याकडे तो मागण्याचा अधिकार कलम 19 ने कोणत्याही पोलीस अधिकाऱ्यास दिला आहे.

आणि ज्यांच्या परवान्यावर सारा भारत लिहिलेला आहे, त्यांनाही एक काम उरते. मुक्काम हलवून दुसऱ्या गावी सलग 30 दिवसांहून अधिक राहणार असाल आणि शस्त्र बरोबर असेल, तर त्या गावच्या परवाना अधिकाऱ्यास 30 दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याजवळ ठेवावी.