काकड्याच्या वाटेवरील विजेरी

कोजागरीचे चांदणे ओसरू लागले की आमच्या पंढरीत काकड्याचा महिना सुरू होतो. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगावची भाविक मंडळी पहाटेच्या काळोखात देवळाची वाट धरतात. कुणी स्नानासाठी घाटाच्या पायऱ्या उतरत असतो, कुणी टाळ घेऊन काकड आरतीला निघालेला असतो. ज्या आरतीला आपण काकडा म्हणतो, ते नावच मुळी पिळलेल्या चिंधीच्या ज्योतीचे. देवापुढे उजेड धरण्याचा हा महिना असला, तरी घरापासून देवळापर्यंतची वाट मात्र पुष्कळांची आजही अंधारातूनच जाते. त्या वाटेवर हाती असावयाच्या एका लहानशा वस्तूविषयी, म्हणजे विजेरीविषयी, आज दोन शब्द लिहावयाचे आहेत.

सणाच्या पानावर विजेरीचे निरूपण कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. परंतु खंडोबाची दिवटी, भवानीचा पोत, पालखीपुढची मशाल ही सारी प्रकाश हाती घेऊन चालण्याचीच साधने होत, आणि ती कशी पेटवावी, किती तेल घालावे, कोणत्या उंचीवर धरावी याचे शास्त्र आपल्या वडीलधाऱ्यांना अवगत होते. विजेरीच्या बाबतीत मात्र आपण दुकानदार देईल ती घेऊन येतो. आम्हीही तेच केले होते, आणि त्याचे फळ दुसऱ्यास भोगावे लागले.

२०१८ च्या कार्तिकातील गोष्ट. जवळच्या एका खेड्यात रात्रीचे कीर्तन आटोपून आम्ही आणि आमचे तबलजी उसाच्या फडालगतच्या पायवाटेने मोटारीच्या रस्त्याकडे निघालो होतो. नातवाने मोठ्या हौसेने आणून दिलेली नवी विजेरी आमच्या हाती होती. "आजोबा, दहा हजार ल्यूमेन आहे!" असे त्याने सांगितले होते. कळ दाबली तसा डोळे दिपवणारा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आदळून आमच्याच डोळ्यांवर परत आला. उजेड कमी करावा म्हणून पुन्हा दाबली तर तो थोडा उतरला, तिसऱ्यांदा दाबली तर दिवा भराभर लुकलुकू लागला. त्या लुकलुकीत वाट कोठे आणि पाण्याची चारी कोठे हे कळेना. घाईने आणखी एकदा कळ दाबली आणि गडद अंधार झाला. दिपलेल्या डोळ्यांना त्या अंधारात काहीच दिसेना. तेवढ्यात शेजारी धप्प असा आवाज झाला. तबलजी चारीत पडले होते. डाव्या मनगटाचे हाड मोडले, आणि तो सबंध कार्तिक त्यांचा डग्गा कोनाड्यात झाकून राहिला. विजेरी आमच्या हाती होती, ही गोष्ट आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

पुढे आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. पहिली गोष्ट ध्यानी आली ती अशी की, खोक्यावरचा मोठा आकडा हा बहुधा काकदंतपरीक्षेचा विषय असतो. कावळ्याचे दात मोजण्यात जितका अर्थ, तितकाच त्यात. बोटाएवढ्या जाडीच्या लिथियमच्या सेलला, ज्यास १८६५० असे नाव आहे (१८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी), साधारण १० ते १२ वॅट-तास इतकीच शक्ती साठवता येते. चांगला एलईडी दिवा एका वॅटमागे शंभर-सव्वाशे ल्यूमेन प्रकाश देतो. तेव्हा दहा हजार ल्यूमेनला ऐंशी ते शंभर वॅट लागतील. असा सेल हा भार मुळात पेलणार नाही, आणि पेललाच तरी सात-आठ मिनिटांत रिता होईल व हाताला चटका बसेल तो वेगळाच. त्याच सेलवर कधी कधी ९९०० मिलीॲम्पिअर-तास असे छापलेले आढळते. या आकाराच्या उत्तम सेलची सर्वसाधारण धारणशक्ती तीन ते साडेतीन हजारांची असते. जो विक्रेता सेलविषयी खरे सांगत नाही, त्याचे दिव्याविषयीचे म्हणणे तरी का मानावे?

मग खरा आकडा कोणता? अमेरिकेत २००९ साली विजेऱ्यांच्या मोजमापाचे एक प्रमाण ठरले. एफएल-१ हे त्याचे नाव, आणि चांगले उत्पादक ते खोक्यावर छापतात. त्यातील झोताच्या अंतराची व्याख्या वाचून आम्हास मोठे कौतुक वाटले. ज्या अंतरावर प्रकाश पाव लक्स उरतो, म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका, तेथपर्यंत झोत पोहोचतो असे मानावयाचे. म्हणजे खोक्यावर शंभर मीटर लिहिले असेल, तर शंभर मीटरवर कोजागरीएवढा उजेड. चांदण्यात माणूस आहे एवढे दिसते, पण तो कोण हे ओळखू येत नाही. अंतर निम्मे झाले की प्रकाश चौपट होतो, या नियमाने पन्नास मीटरवर ठीक दिसेल. म्हणून लिहिलेल्या अंतराचे निम्मे किंवा तिसरा हिस्साच आपला समजावा. किती तास चालेल याचा आकडा वाचतानाही सावध असावे. आरंभीच्या प्रकाशाचा दहावा भाग उरेपर्यंतचा काळ त्यात धरलेला असतो, तेव्हा शेवटचे तास अगदी मंद उजेडाचे असू शकतात.

पायी चालणाऱ्यास प्रकाश लागतो तो फारच थोडा. पायापुढची तीन-चार पावले पाहण्यास वीस ते पन्नास ल्यूमेन पुरे होतात. रस्त्यावर पुढचे काही निरखावयाचे असेल तर शंभर-दीडशे. त्याहून अधिक प्रकाश नित्य वापरल्यास अपायच होतो. आपल्या डोळ्याला अंधाराचा पुरता सराव होण्यास अर्धा तास लागतो, आणि झगझगीत झोत तो सराव क्षणात मोडतो. त्यातून साठीनंतर बुबुळातील बाहुली अंधारात तरुणपणीइतकी उघडत नाही, भिंग पिवळसर होते, आणि समोरून आलेला प्रखर प्रकाश डोळ्यात अधिक पसरतो. म्हणून आमच्या वयाच्या मंडळींना थोडा अधिक उजेड हवा हे जितके खरे, तितकेच दिपणे अधिक बाधते हेही खरे. घाटावर समोरून उतरणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर झोत मारणारे तरुण पाहिले की आमचा संताप होतो. त्या बाईला पुढची पायरी दिसेनाशी केली, याचे त्यांना भान नसते.

यावरून विजेरी निवडण्याची पहिली कसोटी आम्ही अशी मानतो की, प्रथम कळ दाबताच मंद प्रकाश यावा, आणि वाढवावयाचा तो आपल्या इच्छेने. एक मंद, एक मध्यम, फार तर एक प्रखर. लुकलुकणारा प्रकार नसलेलाच बरा. झोत देहलीदीपन्यायाचा असावा. उंबऱ्यावरचा दिवा जसा घरात व अंगणात दोन्हीकडे उजेड देतो, तसा मधला झोत थोडा दूर जावा आणि भोवतीचे सौम्य वलय पावलांपाशी पडावे. दूरवर एकच टिपका टाकणाऱ्या विजेरीने झाडावरचे घुबड दिसेल, पायाखालचा दगड दिसणार नाही. कळ ही एका हाताने, तीही ओल्या बोटांनी आणि शालीच्या पदराआडून, दाबता आली पाहिजे; दुसऱ्या हाती काठी किंवा तांब्या असतो. डोके पिळून लागणाऱ्या विजेऱ्या टिकाऊ असतात, पण त्यांना दोन हात लागतात.

प्रकाशाच्या रंगाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि येथेच जिवाचा प्रश्न येतो. एलईडीचा पांढरा प्रकाश हा निळ्या दिव्यावर पिवळा लेप देऊन मिळवलेला असतो. (त्या निळ्या दिव्याच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) स्वस्त विजेऱ्यांत निळसर छटा फार असते, खोक्यावर ६५०० केल्विन किंवा त्याहून मोठा आकडा दिसतो. त्या प्रकाशात माती, वाळका पाचोळा आणि घोणस ही तिन्ही एकाच राखाडी रंगाची भासतात. ४००० केल्विनच्या आसपासच्या, किंचित उबदार प्रकाशात तांबूस-तपकिरी रंग वेगळे उठतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुतेक खेड्यापाड्यांतली. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. दंश बहुधा पावलावर किंवा पोटरीवर होतो, म्हणजे नेमका तेथे, जेथे विजेरीचा उजेड असावयास हवा. अर्थात विजेरी असली तरी पायात जोडे आणि हाती काठी असलीच पाहिजे. स्नानाला अनवाणीच जायचे असा ज्यांचा नेम आहे, त्यांनी घाटाच्या तोंडाशी जोडे काढावेत. दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न दवडता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. हे या पानावर लिहिण्यास आम्हास मुळीच संकोच वाटत नाही.

विजेरी धरण्याचीही एक रीत आहे. ती डोळ्यांजवळ धरली की खड्ड्याची सावली खड्ड्यातच लपते आणि वाट सपाट दिसते. कमरेखाली, जराशी बाजूला धरली की प्रत्येक खाचेला सावली येते. कार्तिकात नदीकाठी धुके असते. त्यातही हात खाली ठेवावा, नाही तर पांढऱ्या पडद्याखेरीज काही दिसत नाही. डांबरी रस्त्याने जाताना समोरून येणारी वाहने दिसावीत म्हणून उजव्या कडेने चालावे, आणि दिंडी असेल तर शेवटच्या माणसाकडे मागे रोखलेला लाल दिवा असावा. पुढे भगवी पताका कितीही उंच असली तरी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ती दिसत नाही.

आता सेलांविषयी. घरोघरी एक विजेरी असते, बुडातून दोन पिनांचा प्लग बाहेर काढून भिंतीला लावावयाची. तिच्यात बहुधा शिशाची बॅटरी असते. ती रिती ठेवून कपाटात टाकली की वर्षभरात निकामी होते, आणि मग ऐन वेळी विजेरी पेटत नाही. लिथियमची विजेरी प्रखर आणि हलकी. तरुणांनी ती खुशाल घ्यावी, पण भरवशाच्या दुकानातून, आणि सुटा सेल खिशात नाण्यांबरोबर कधी ठेवू नये. दोन टोके जोडली गेली तर आग लागते.

आम्हास स्वतःला एका पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी सर्वांत सोयीची वाटली. हा सेल कोणत्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतो. एकच असल्याने जुना-नवा एकत्र होण्याची भीती नाही. दीड व्होल्टच्या सेलवर तीन व्होल्टचा दिवा लावण्यासाठी आत एक छोटी जोडणी असते. तीस ल्यूमेनवर अशी विजेरी पाच-सहा तास जळते. रोज जाऊन-येऊन चाळीस मिनिटे धरली तर एक सेल आठवडाभर पुरतो आणि काकड्याचा महिना चार-पाच सेलांत निघतो. पुन्हा भारता येणारे निकेलचे सेल घेतले तर तेवढाही खर्च नाही. मात्र महिना संपला की सेल बाहेर काढून ठेवावा. साधा सेल आत राहून पाझरला तर विजेरीचे पोट खाऊन टाकतो. आमची एक जुनी पितळी विजेरी, तीन मोठ्या सेलांची, अशीच गेली. तिच्या वजनाने कुत्रे भीत असे, एवढा एक गुण मात्र नव्या विजेरीत नाही.

टिकाऊपणाची पारख दुकानातही करता येते. खोक्यावर आयपीएक्स-४ असेल तर चहूकडून उडणारे पाणी सोसते. आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून राहते. घाटावर नेणाऱ्याने हीच घ्यावी. मागचे झाकण उघडून पाहावे. आटे स्वच्छ कापलेले हवेत आणि रबरी कडी नीट बसलेली हवी. झाकण हातात किरकिरत असेल तर ती तशीच परत द्यावी. आम्ही दुकानदाराला म्हटले, "मागच्या कोठीत अंधार आहे ना? तेथे लावून पाहू द्या." तो हसला. म्हणाला, "बुवा, उजेड बघायला अंधारात जाणारं पहिलंच गिऱ्हाईक!" परंतु भर दुपारी, ट्यूबलाइटखाली विजेरी पाहून ती कळणार कशी? कोठीतल्या भिंतीवर एकीच्या झोतात काळी कडी दिसली, दुसरीचा उजेड निळा होता, तिसरी आम्ही घेतली. तशाच दोन घेतल्या.

दुसरी तबलजींना दिली. प्रथम ते घेईनात. मग त्यांच्या सुनेने तिला जाड दोरी ओवून ती मनगटात अडकवता येईल अशी करून दिली. त्यांचे हाड आता चांगले सांधले आहे, पण डग्ग्यावर पूर्वीसारखा घुमारा निघत नाही असे ते म्हणतात. आम्हास तसे काही ऐकू येत नाही. पहाटे चार वाजता ते आमच्या दाराशी येतात, आणि दोघे घाटाकडे निघालो की विजेरी त्यांच्याच हाती असते.