वरून कोरडे, खालून ओले : जुन्या गाडीचे कार्पेट

मैत्रिणींनो, दिवाळी आली की आपण माळ्यावरचे डबेसुद्धा खाली काढून घासतो. दारातल्या गाडीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. "ती यांची," असे म्हणून आपण मोकळ्या होतो. फार तर रविवारी बाहेरून एक फडके फिरते. आत पायाखाली अंथरलेले कार्पेट वर्षानुवर्षे तसेच राहते. तुळजापूरची धूळ, पंढरपूरच्या वाटेवरचा चिखल, शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा चुरा, सगळे त्याच्या पोटात!

गाडी जुनी असेल तर हे दुर्लक्ष महागात पडते. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, आपल्या सोलापुरातला. त्यांच्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी आपल्याकडे फियाट म्हणूनच ओळखली गेली. ती गाडी निघायची बंद होऊन दोन तपे उलटली. १९८३ साली आलेली मारुती ८०० सुद्धा २०१४ मध्ये थांबली. म्हणजे या गाड्या आता नव्या मिळणार नाहीत. ज्यांच्या दारात आहे त्यांनी ती जपायची. आणि गाडी कुजायला सुरुवात होते ती बहुधा खालून, कार्पेटच्या आडून.

खालचा पत्रा का कुजतो?

कार्पेटच्या खाली जाड नमदा असतो. तो पाणी स्पंजासारखे शोषतो. वरचे कार्पेट वाऱ्याने दोन दिवसांत कोरडे होते, नमदा मात्र महिनाभर ओला राहतो. ओल, मीठ-माती आणि लोखंडी पत्रा एकत्र आले की गंज ठरलेला. आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळची पद्मिनी आहे. तिचे कार्पेट हाताला अगदी कोरडे लागत होते. उचलून पाहिले तर नमदा ओलागच्च, आणि पत्र्यावर ताटलीएवढा गंज! समोरच्या काचेचे रबर कडक होऊन पाणी आत झिरपत होते. वेळीच कळले म्हणून घासून रंग लावण्यावर भागले. आणखी एक पावसाळा गेला असता तर पत्रा कापून वेल्डिंग करावे लागले असते.

शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. तेव्हा कुजलेल्या तळाची गाडी कोण पास करील?

म्हणून धुण्याआधी ओल कुठून येते ते शोधा. कार्पेटचा कोपरा उचलून खाली हात घाला. पाऊस पडल्यावर ओल दिसली तर काचेचे किंवा दाराचे रबर पाहा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. एसी लावल्यावर डाव्या बाजूला ओल येत असेल तर एसीची पाण्याची नळी तुंबलेली असणार. आणि पेडलपाशी तेलकट, चिकट ओल दिसली तर ते ब्रेकचे किंवा क्लचचे ऑइल असू शकते. मग गाडी तशीच चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

आधी कोरडे काम

आपल्याकडची काळी माती मोठी चिवट. पाणी लागले की फुगते आणि लोण्यासारखी चिकटते. तेव्हा चिखल दिसला की ओले फडके घेऊन धावू नका. पूर्ण वाळू द्या. मग मॅट काढून झटका, कार्पेट काठीने बडवा, ताठ ब्रशाने घासा आणि व्हॅक्यूम असेल तर तो फिरवा. अर्ध्याहून अधिक मळ पाण्याशिवायच निघतो. खाण्याचा चुरा तर कणभरही ठेवू नका. चुऱ्यामागे उंदीर येतात आणि उंदीर वायरी कुरतडतात.

जेजुरीहून किंवा बाळ्याच्या खंडोबाहून येताना भंडारा सांडलेला असतो. त्याला साबण लावलात तर पिवळ्याचा लाल डाग होतो, हे आपल्याला पदराच्या अनुभवाने ठाऊक आहेच. आधी कोरडा भंडारा झटकून घ्या. उरलेला पिवळेपणा उन्हाने फिका पडतो.

काढायचे कसे?

दाराच्या उंबऱ्याशी असलेल्या पट्ट्यांचे स्क्रू काढले की कार्पेटच्या कडा सुटतात. पूर्ण काढायचे तर सीटचे बोल्ट सोडवावे लागतात. ते काम मेकॅनिककडून करून घ्या. अलीकडच्या गाडीत एअरबॅग असेल तर सीटखालच्या वायरींना आपण हात लावायचाच नाही. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू एका वाटीत जपून ठेवा, नाहीतर नंतर शोधाशोध!

धुण्याची रीत

सकाळी लवकर सुरुवात करा. एप्रिल-मेच्या आपल्या चाळिशीपारच्या उन्हात साबण निघण्याआधीच वाळून बसतो. प्रथम ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा घासून रंग जातो का ते बघा. मग अर्धी बादली कोमट पाणी आणि दोन चमचे सौम्य पातळ साबण, एवढे पुरे. कपड्यांची पावडर मूठभर टाकू नका. साबण उरला की त्यावर दुप्पट धूळ बसते. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाचा पांढरा थर राहतो. शेवटच्या पाण्यात, तांब्याला अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घाला. थर जातो, वासही जातो.

फेस ब्रशाने लावायचा, पाणी ओतायचे नाही. कार्पेट गाडीतच असेल तर हे फारच सांभाळा. ओतलेले पाणी सरळ नमद्यात जाते. फेसाचा मळ ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्या आणि मग टर्किश टॉवेल पसरून वर पायाने दाबा. सोलापूरचा जाड टॉवेल यासाठी नामी; जुना झालेला असला तर आणखी छान शोषतो. नळाला रोज पाणी येत नाही अशा घरीही दोन बादल्यांत हे काम होते.

काही डाग

दूध सांडले किंवा घाटात मुलाला उलटी झाली तर आधी खरवडून गार पाण्याने पुसा. गरम पाण्याने डाग पक्का होतो. वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या. तेलाच्या डागावर टाल्कम पावडर रात्रभर, मग भांड्यांच्या पातळ साबणाचा एक थेंब. पानाचा जुना डाग मात्र पुरता जात नाही, उगीच घासून कार्पेटची लव घालवू नका. पेट्रोल किंवा रॉकेलने डाग काढण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बंद गाडीत त्याची वाफ भरते आणि एका ठिणगीने घात होतो.

वाळवणे हेच खरे काम

कार्पेट आणि नमदा वेगवेगळे, उलटे करून दोरीवर टाका. वारा हवा. कडक ऊन दिवसभर नको, त्याने पाठीचे रबर तडकते. तोवर गाडीची दारे उघडी ठेवून तळ पाहून घ्या. वरवरचा गंज पॉलिश पेपरने घासा, तोंडाला फडके बांधा. पुसून रेड ऑक्साइड लावा, वाळल्यावर रंगाचा हात द्या. बोट आत जाईल असे भोक असेल तर वेल्डिंगवाला गाठा. पत्र्याला चिकटवलेले डांबरी तुकडे धड असतील तर उपटू नका, ते आवाज अडवतात. कुजका नमदा परत घालू नका आणि त्याऐवजी गादीचा फोमही नको, तो पाणी धरून ठेवतो.

दोन दिवसांनी नमद्यावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून पायाने जोरात दाबा. कागद किंचितही दमट झाला तर आणखी एक दिवस थांबा. घाई करून ओले अंथरले तर सगळी मेहनत वाया.

कार्पेट परत बसवताना ड्रायव्हरच्या पायाशी सुरकुती राहू देऊ नका. तिथे मॅट एकच, आणि ती न सरकणारी हवी. ब्रेकखाली गोळा झालेली मॅट जिवावर बेतते. गाडी सुरू न करता तिन्ही पेडल पूर्ण दाबून पाहा, मगच किल्ली फिरवा.

हे सगळे काम वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्याआधी केले की पुरते. मृगाचा पहिला पाऊस झाला की मात्र दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवून दारात जा आणि चारही कोपऱ्यांत कार्पेटखाली हात घालून बघा. दोन मिनिटांचे काम आहे, यांची वाट बघायला नको.