परीक्षकाचे तारे आणि प्रेक्षकाची नजर

नवा चित्रपट शुक्रवारी झळकतो आणि शनिवारी सकाळपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो. कोणी त्याला तीन तारे देतो, कोणी साडेतीन. चौथा तारा मिळाला तर तो रविवारच्या जाहिरातीत चित्रपटाच्या नावाएवढ्याच ठळकपणे छापला जातो. उल्हासनगरच्या कॅम्प १ मधील एखादा शिक्षक किंवा कारकून सहकुटुंब चित्रपटाला जाण्याचा बेत करतो, तेव्हा हा निकाल त्याच्या हातातील मोबाईलवर आधीच येऊन पोहोचलेला असतो. शहाडहून कल्याण एकाच स्थानकाच्या अंतरावर असले, तरी चार माणसांची तिकिटे, जाण्यायेण्याचा खर्च आणि मध्यंतरातील खाणे यांचा हिशेब केला की महिन्याच्या अंदाजपत्रकात तो लक्षात येण्याजोगा आकडा ठरतो. तेव्हा 'पाहावा की पाहू नये' एवढेच परीक्षकाने सांगावे, अशी अपेक्षा या माणसाने केली तर त्याला दोष देता येणार नाही. प्रश्न आहे तो परीक्षकाचा. आपले काम एवढेच आहे, असे त्यानेही मानावे काय?

मराठी वृत्तपत्रांतील आणि आता मोबाईलवरील बहुसंख्य परीक्षणे पाहिली, तर तसे मानले गेले आहे असेच म्हणावे लागते. त्यांचा साचा ठरलेला असतो. निम्म्याहून अधिक जागा कथासाराला; मग कलावंतांची हजेरी, प्रत्येकाच्या नावापुढे एकेक विशेषण; छायालेखन 'नेत्रसुखद', संगीत 'श्रवणीय', संकलन 'आणखी धारदार हवे होते'; आणि शेवटी तारे. या मजकुरातून चित्रपटाचे नाव काढून दुसरे घातले, तरी फारसे काही बिघडत नाही. त्यात अलीकडे आणखी एका संशयाची भर पडली आहे. स्तुती विकत मिळते आणि निंदाही विकत मिळते, असे लोक उघडपणे बोलू लागले आहेत. हेतुपुरस्सर केलेल्या विपर्यस्त परीक्षणांचा प्रश्न २०२३ साली केरळ उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, यावरून या व्यवसायाची पत किती उतरली आहे, हे ध्यानात यावे.

हे नेहमीच असे नव्हते. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या 'प्रभात चित्र मंडळा'ने मराठी मध्यमवर्गाला जगाचा चित्रपट दाखवला आणि त्यावर चर्चा करण्याची सवय लावली. सुधीर नांदगावकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली. अरुण खोपकर यांनी 'गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका' या पुस्तकात छायाप्रकाश, गीते आणि कॅमेऱ्याची हालचाल यांचा अर्थ लावून दाखवला. ते पुस्तक वाचलेला वाचक तो जुना चित्रपट पुन्हा पाहतो तेव्हा त्याला पूर्वी न दिसलेले काही दिसते. परीक्षणाचा खरा उपयोग तो हाच.

या कसोटीवर २०२५ च्या सप्टेंबर महिन्यातील दोन आठवडे तपासण्यासारखे आहेत. १२ सप्टेंबरला सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' प्रदर्शित झाला आणि १९ सप्टेंबरला रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं'. पहिल्यात दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या ऐंशीनंतर कोकणातील एका म्हाताऱ्या दशावतारी कलावंताची भूमिका साकारली. प्रेक्षकांनी या चित्रपटाला भरभरून आश्रय दिला आणि परीक्षणांत प्रभावळकरांचे कौतुक झाले. ते रास्तच होते. परंतु चित्रपटाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांत जो फरक पडतो, त्याची चिकित्सा त्याच आस्थेने व्हायला हवी होती. पूर्वार्धात दशावतार ही एका माणसाची उपासना आहे. दृष्टी अधू झाली तरी त्याची पावले रंगमंचाकडे वळतात. उत्तरार्धात तीच कला सूडाच्या कथेतील वेष बनते. कोकणची जमीन आणि खाणी यांचा जो प्रश्न चित्रपटाने उभा केला, तो एका म्हाताऱ्याच्या हातून खलपुरुषांना शिक्षा झाल्याने सुटला, असे समाधान घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. हे समाधान खरे की सोयीचे, हे विचारणे म्हणजे चित्रपटाचा अवमान करणे नव्हे. उलट, इतक्या गंभीर विषयाला हात घालणाऱ्या कलाकृतीला गंभीरपणे घेणे होय.

'साबर बोंडं'ची गोष्ट याच्या उलट. सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातील सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले, आणि परीक्षणांचा मथळा बहुधा त्या पारितोषिकाचाच झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचे सुतक पाळण्यासाठी मुंबईहून गावी आलेला तिशीतला मुलगा, लग्नाचा आग्रह धरणारे नातेवाईक, बालपणीचा मित्र आणि त्या दोघांमधील प्रेम, एवढाच त्याचा ऐवज. 'धाडसी विषय' अशी त्याची संभावना करणे सोपे आहे. पण चित्रपटातील धाडस विषयापेक्षा त्याच्या संयमात आहे. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही. आई सारे जाणते, पण त्याचा उच्चार टाळते. तिचे ते न बोलणे हेच तिचे पाठबळ असते. हे पडद्यावर घडत असताना 'काहीच घडत नाही' अशी तक्रार करणारा प्रेक्षक मूर्ख नसतो. अशा वेळी कुठे पाहायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. 'दशावतार' परीक्षकावाचूनही चालला असता. 'साबर बोंडं'ला मात्र परीक्षकाची गरज होती, आणि पारितोषिकाची बातमी देऊन ती भागणारी नव्हती.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. परीक्षकांचे ऐकतो कोण? १५ ऑगस्ट १९७५ रोजी 'शोले' आला तेव्हा अनेक परीक्षकांनी त्याला नाके मुरडली होती. पुढे मुंबईच्या 'मिनर्व्हा'त तो पाच वर्षे चालला. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' पाहण्यासाठी गावोगावच्या बायका घोळक्याने, नटूनथटून चित्रपटगृहात गेल्या. त्यांनी तारे मोजले नव्हते. हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. चित्रपट चालेल की पडेल, हे भाकीत करणे हे परीक्षकाचे काम असते, तर तो केव्हाच निकालात निघाला असता. ते काम वितरक अधिक चांगले करतो. 'शोले'बद्दल परीक्षक चुकले ते त्याचे यश ओळखता आले नाही म्हणून नव्हे. त्यातील ध्वनीचा, शांततेचा आणि रुंद पडद्याचा वापर त्यांनी पाहिला नाही म्हणून चुकले.

परीक्षकाने काय पाहावे आणि दाखवावे, याचे उत्तम उदाहरण म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिस महोत्सवात गौरवलेला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा हा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप एका लोकशाहिरावर ठेवला जातो; वीरा साथीदार यांनी ती भूमिका केली होती. न्यायव्यवस्थेवरील टीका म्हणून त्याची सर्वत्र वाखाणणी झाली. परंतु त्यातील एक प्रसंग कॅम्प १ मधील प्रेक्षकाला विशेष लागू पडतो. सरकारी वकील बाई न्यायालयातून लोकलने घरी येते, पाळणाघरातून मुलाला घेते, स्वयंपाक करते. कोणत्याही मराठी घरात शोभेल अशी ही कष्टाळू, सज्जन स्त्री. सुटीच्या दिवशी हे कुटुंब नाटकाला जाते. रंगमंचावर एक मराठी बाप परप्रांतीय तरुणाला घराबाहेर काढतो. प्रेक्षागृह हसते, टाळ्या वाजवते. बाईही त्या टाळ्यांत सामील असतात. कॅमेरा कोणावरही आरोप करीत नाही, दूर उभा राहून पाहत असतो. न्यायालयात शाहिराच्या बाजूने सहजपणे हळहळणाऱ्या प्रेक्षकाला येथे एकदम कळते, की त्या टाळ्या आपल्याही आहेत. हा प्रसंग 'संथ' म्हणून ओलांडून जाणारे परीक्षण वाचकाचे नुकसान करते.

उल्हासनगरचा संबंध येथे आपोआप येतो, कारण हे गावच बाहेरून आलेल्यांनी वसवलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली कल्याणजवळची छावणी १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. छावणी गेली, तरी 'कॅम्प' हा शब्द राहिला. पत्त्यांमध्ये आजही बॅरेकचा क्रमांक लिहिला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार येथे पाच लाखांहून अधिक लोक राहत होते. एवढ्या मोठ्या शहराची लोकव्यवहारातील ओळख मात्र 'मेड इन यूएसए' या जुन्या विनोदापलीकडे फारशी गेली नाही. चित्रपटाच्या पडद्यावरही सिंधी माणूस दिसतो तो बहुधा 'साईं' म्हणत हिशेब करणारा शेठ म्हणून, प्रेक्षकाला हसवण्यापुरता.

फाळणीवर आपल्याकडे थोर चित्रपट झाले नाहीत असे नाही. ऋत्विक घटक यांनी १९६० साली 'मेघे ढाका तारा'त कलकत्त्याजवळच्या निर्वासित वसाहतीतील एका मुलीचे झिजणे दाखवले. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'ने आग्र्यातील मुसलमान कुटुंबाची कोंडी मांडली. १९८८ साली दूरदर्शनवर आलेल्या 'तमस'ने देश हादरला. 'तमस'चे दिग्दर्शक गोविंद निहलानी यांचा जन्म कराचीचा. 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' या चित्रपटांत विजय तेंडुलकरांच्या लेखणीच्या साहाय्याने त्यांनी महाराष्ट्रातील वास्तव भेदकपणे दाखवले. पण फाळणीची कथा सांगताना या सिंधी दिग्दर्शकानेही भीष्म साहनींच्या कादंबरीतील पंजाबच निवडला. १९५८ चा 'अबाणा' हा सिंधी चित्रपट, ज्यात पुढे तारका झालेली साधना होती, सिंधी प्रेक्षकांपुरता राहिला. सिंधची फाळणी मराठी वा हिंदी चित्रपटाच्या मुख्य प्रवाहात जवळजवळ आलीच नाही.

याला कारण आहे. पंजाब आणि बंगाल तुटले, अर्धे इकडे राहिले. सिंध तुटला नाही, तो सबंध गेला. पंजाबातील गाड्यांसारखी प्रेतांनी भरलेली दृश्ये सिंधच्या आठवणीत तितकी नाहीत. माणसे कराचीहून बोटींतून मुंबईला आली, बॅरेकमध्ये गोणपाटाचे आडोसे करून राहिली, फेरी करून, दुकान टाकून उभी राहिली. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले; घरात मात्र आजोबांची लिपी नातवाला वाचता येईनाशी झाली. ही हानी मोठी आहे, पण ती आवाज करीत नाही. आणि आवाज न करणारी हानी पाहण्याची सवय ज्या प्रेक्षकाला नाही, त्याच्यासाठी ती दाखवणारा चित्रपट कोणता निर्माता काढील?

म्हणूनच परीक्षकाच्या मताचा प्रश्न केवळ एका रविवारच्या तिकिटांचा नाही. 'कोर्ट'मधील टाळ्या आणि 'साबर बोंडं'मधील आईचे मौन पाहायला जो परीक्षक वाचकाला शिकवतो, तो उद्याच्या चित्रपटासाठी प्रेक्षक घडवीत असतो. जो नुसतेच तारे देतो, तो मोठ्या आवाजाच्या चित्रपटाला आणखी एक आवाज देतो. जे पडद्यावर आहे त्याची परीक्षा करणे हे परीक्षकाचे नित्याचे काम झाले. जे पडद्यावर कधी आलेच नाही, त्याचीही नोंद अधूनमधून त्याने घ्यावी. कॅम्प १ मधील बॅरेकच्या जागी आता इमारती उभ्या राहिल्या आहेत. तेथे सिंध पाहिलेली शेवटची पिढी ऐंशीच्या पुढे गेली आहे. तिची गोष्ट पडद्यावर येण्यासाठी वेळ फार उरलेला नाही. ती जेव्हा येईल, तेव्हा तिला किती तारे द्यायचे यापेक्षा तिच्यात काय पाहायचे, हे सांगणारा कोणी असावा.